पानाचा ठसा

पान उताणं ठेवायचं, पाठ जेलीला लागेल असं.
बोटाने हलकं दाबायचं,
आरशावर टिकली चिकटवतो तितकंच.
मोजून दहा.
मग पान उचलायचं, झाकण लावायचं,
पेनने लिहायचं: भेंड, माहुल, रस्त्याकडची फांदी.

त्या जेलीला प्रयोगशाळेत आगर म्हणतात.
आमच्यात आगर म्हणजे मिठाचं.
बाबा भांडुपला पावलांनी चिखल मळायचे
आणि वाट बघायचे, पांढरं काही उगवेल म्हणून.
मीही तेच करते. पगार जरा बरा.

तीन दिवसांनी ताटलीत पानच उगवतं.
शिरा, कडा, अळीने कुरतडलेला कोपरा,
सगळं ठिपक्यांत.
पाठीला श्वासाची भोकं असतात, तिथे ओल,
तिथे दाटी, सार्वजनिक नळाभोवती असते तशी.
वरच्या अंगाला ऊन आणि काजळी.
तिथले थोडे, पण चिवट:
काहींनी गुलाबी रंग पांघरलाय उन्हासाठी,
काही तर रिफायनरीचा वास खाऊनच जगतात.

कोण राहणार हे झाडही ठरवतं,
वाराही, शेजारीही.
पण बरंचसं ठरतं ते इतक्यावर
की आधी रुमाल कुणी टाकला.

उन्मेषा मॅडमनी बरणीत टोमॅटो वाढवला होता.
बी औषधात धुतलेलं, माती भाजलेली, हवा गाळलेली.
इतकं निर्मळ रोप
की हात जोडावेसे वाटावेत.
खिडकीत आणून ठेवलं, आणि चौथ्या दिवशी
पानांवर तपकिरी डाग, सहाव्या दिवशी मान खाली.

दुसऱ्या रोपावर मी पाणी फवारलं होतं,
कुर्ला गावठाणातल्या इझाबेलबाईंच्या
तेलाच्या डब्यातल्या टोमॅटोची पानं
विसळून काढलेलं.
(“पानं कशाला धुतेस गो, कपडे संपले काय?”)
डाग त्यालाही पडले. दोन.
आणि तिथेच थांबले.

मॅडमनी वहीत आकडा लिहिला.
मी हात धुवून शीवच्या इस्पितळात गेले,
कारण त्या महिन्यात माझा मुलगाही काचेत होता.
एक किलो शंभर ग्रॅम.
कोपरापर्यंत साबण, नखं कापलेली, अंगठी काढलेली.
हे सगळं का, ते मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं.
कोणते ठिपके काय करू शकतात,
मी पाहिलेत ते, नावानिशी.

अठराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या,
बटणं सोडा, बाई, आज छातीवर घ्यायचं.
वायरींसकट ठेवला त्याला माझ्या अंगावर,
ओल्या पानासारखा, पालथा.
मी सवयीने मोजायला लागले,
आणि दहाच्या पुढे गेले.

माझ्यावर काय काय असेल?
घाम, दूध, माहुलची काजळी,
भेंडीच्या झाडावरचं कुणी,
आणि बाबांच्या टाचांच्या भेगांतलंही एखादं
अजून तग धरून.
म्हटलं, चला रे,
दुसरं कुणी यायच्या आत
टाका रुमाल.

आता तो सातवीत आहे.
इझाबेलबाईंच्या डब्यातला टोमॅटो तोडतो,
शर्टाला पुसतो, खातो.
धुवून खा, मी ओरडते. खरंच ओरडते.
डब्यापासून गटार दोन हातांवर आहे.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून त्याला कामावर नेलं.
त्याचा तळवा मोठ्या ताटलीवर टेकवला.
तीन दिवसांनी पाच बोटं उगवली,
अंगठ्याच्या मुळाशी एक गुलाबी ठिपका.
तो कुठून आला, सांगता येणार नाही.
पानावरचेच असतात तसे.

शुक्रवारी सगळ्या ताटल्या
वाफेच्या भांड्यात जातात. नियम आहे.
तीही गेली.
झाकण लावताना मी एकदा
उजेडाकडे धरून बघितली,
एवढंच.